मिसी एलियट: रॅपर म्हणून ऐकायची की संगीतकार म्हणून? सुरुवात कुठून करावी?

चौथी_मात्रा

मिसी एलियटची गाजलेली चार-पाच गाणी माहीत आहेत, पण सलग कारकीर्द डोळ्यांसमोर येत नाही. जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

१) १९९४ मध्ये तिच्या ग्रुपचा अल्बम डब्यात गेला आणि १९९७ मध्ये थेट स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी. मधल्या तीन वर्षांत नेमकं काय घडलं?

२) 'वर्क इट' गाण्यातली ती उलटी वाजणारी ओळ. तसं काही मराठीत करायचं तर कसं? ओळ नुसती रिव्हर्स केली की सगळा चिखल होतो.

३) 'गेट यर फ्रीक ऑन' मध्ये लताबाईंचा आवाज आहे असं बऱ्याच जणांकडून ऐकलं. खरं का?

४) २००५ नंतर ती गायब का झाली?

आणि एक उपप्रश्न. तिचे शब्द कागदावर वाचले तर फारसं काही हाती लागत नाही. तरी तिला एवढं का मानतात?

---

रेकॉर्डरूम

पहिल्यापासून घेतो, कारण मधली तीन वर्षं कळली की बाकीचं आपोआप कळतं.

मेलिसा आर्नेट एलियट, जन्म १ जुलै १९७१, व्हर्जिनियातलं पोर्ट्समथ. वडील मरीन दलात, घरात मारहाण. मिसी चौदा वर्षांची असताना आई तिला घेऊन बाहेर पडली. नव्वदीच्या सुरुवातीला मैत्रिणींचा ग्रुप झाला, आधी फेझ आणि मग सिस्टा. जोडेसी या ग्रुपमधल्या डिव्हान्टे स्विंगने त्यांना आपल्या कंपूत घेतलं. याच कंपूत संगीत-निर्माता टिम्बालँड, जिनुवाइन, ट्वीट अशी पुढे नाव काढणारी बरीच मंडळी एका छपराखाली होती. सिस्टाचा अल्बम १९९४ मध्ये तयार झाला आणि अमेरिकेत त्याचं प्रकाशनच थांबवलं गेलं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९३ मध्ये रेव्हन-सिमोने या बालकलाकाराचं पहिलं गाणं मिसीने लिहिलं, त्यात रॅपही केला. व्हिडिओत मात्र तिच्या रॅपवर ओठ हलवायला दुसरीच, बारीक अंगाची मुलगी उभी केली. आवाज हवा, पण हे शरीर पडद्यावर नको, असा सरळ हिशेब.

आता तीन वर्षांचं उत्तर: ती दुसऱ्यांसाठी लिहीत होती. १९९६ मध्ये आलिया या अमेरिकन गायिकेच्या 'वन इन अ मिलियन' अल्बमचा मोठा हिस्सा मिसी आणि टिम्बालँड या जोडीने केला, त्यात शीर्षकगीतही आलं. त्याच वर्षी ७०२ या ग्रुपचं 'स्टीलो' आणि जीना थॉम्प्सनच्या 'द थिंग्ज दॅट यू डू' चा रीमिक्स. या रीमिक्सवर तिने रॅपच्या मधोमध 'ही ही ही हॉ' असं घोड्यासारखं खिंकाळत हसून टाकलं आणि रेडिओवर लोक तिला त्या हसण्यावरून ओळखायला लागले. मोठ्या कंपन्या दाराशी आल्या तेव्हा तिच्या हातात दुसऱ्यांना मिळवून दिलेली हिट गाणी होती. म्हणून इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीकडून तिने नुसता गायिकेचा करार घेतला नाही, द गोल्डमाइंड हे स्वतःचं लेबलही पदरात पाडून घेतलं. चेहरा म्हणून गेली असती तर हे मिळालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१५ जुलै १९९७ ला 'सुपा डुपा फ्लाय' आला. बिलबोर्डच्या अल्बम यादीत थेट तिसऱ्या क्रमांकावर. निर्मिती टिम्बालँडची. 'द रेन' या गाण्यात अॅन पीबल्सच्या १९७३ च्या गाण्याचं सॅम्पल (जुन्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा) आहे, व्हिडिओ हाइप विल्यम्सचा. त्यातला तो हवा भरलेला काळा चकचकीत सूट जून अॅम्ब्रोझ या डिझायनरचा, आणि हवा भरायला गाडीच्या टायरवाल्या पंपावर जावं लागलं होतं. १९९३ ला जिचं शरीर कॅमेऱ्यासमोरून बाजूला काढलं, तिने १९९७ ला ते दुप्पट फुगवून माशाच्या डोळ्यासारख्या लेन्ससमोर आणून ठेवलं. कपड्यातली गंमत म्हणून हा व्हिडिओ पाहणारे मुद्दा सोडून देतात.

अवांतर: १२ जुलै २०२४ ला नासाने कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या अँटेनावरून हेच 'द रेन' शुक्राच्या दिशेने प्रक्षेपित केलं. अंतर सुमारे २५ कोटी ४० लाख किलोमीटर, पोचायला साधारण १४ मिनिटं. याआधी बीटल्सचं एक गाणं गेलं होतं, २००८ मध्ये.

---

ढोलकीबंद

प्रश्न दुसरा माझ्याकडे.

'वर्क इट' चा वेग मिनिटाला १०२ ठोके. म्हणजे एक ठोका ०.५९ सेकंद, चार ठोक्यांचा एक बार २.३५ सेकंद, सोळा बार साडेसदतीस सेकंद. मिसी ओळ आधी सरळ म्हणते, लगेच तीच ओळ उलटी वाजते. सरळ ओळ कानात ताजी असते म्हणून उलटी ओळ निरर्थक न वाटता कोडं वाटते. चिखल होण्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा हेच, की लोक सरळ ओळ आधी ऐकवतच नाहीत.

दुसरं कारण ओळीची निवड. रिव्हर्स केल्यावर शब्दाची सुरुवात शेवटी जाते. सुरुवातीला प, ट, क असा फुटणारा वर्ण असेल तर उलटी ओळ टक्कन तुटते आणि ते तुटणं स्नेअर ड्रमसारखं वाजतं. स किंवा श ने सुरू होणारी ओळ शेवटी फुसफुसत संपते. म, न, य ने सुरू होणारी नुसतीच विरते.

उदाहरण म्हणून साधी ओळ घ्या: 'पाटी पूस, परत लिही'. बोलताना सात अक्षरं पडतात: पा-टी-पूस-प-रत-लि-ही. बारमध्ये अर्ध्या ठोक्याच्या आठ जागा असतात, म्हणजे सात भरल्या आणि एक श्वासाला उरली. उलटी केली की कानावर साधारण 'इहिल तरप सूप इटाप' असं येतं. शेवटचा 'प' जिथे तुटतो तो क्षण महत्त्वाचा.

रेकॉर्ड करताना आवाज कोरडा ठेवा. रीव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) लावून मग रिव्हर्स केलं तर त्याची शेपटी ओळीच्या पुढे येते आणि आधीची मोकळी जागा खाऊन टाकते. ती फुगत येणारी लाट मुद्दाम हवी असेल तर वेगळ्या ट्रॅकवर करा, मुख्य आवाजावर नको. पंखा बंद. ओळीआधी घेतलेला श्वास कापून टाका, नाहीतर उलटं केल्यावर तो श्वास 'प' नंतर ऐकू येतो आणि सगळा ठसका जातो. दोन्ही टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या, नाहीतर टिक् असा आवाज येतो.

आता नेहमी चुकते ती जागा. क्लिपची सुरुवात ठोक्यावर चिकटवू नका, शेवट चिकटवा. सॉफ्टवेअर आपोआप डावी कड ग्रिडला, म्हणजे ठोक्यांच्या रेषांना, लावतं, पण उलट्या क्लिपचा जोर उजव्या कडेला असतो. 'प' चं तुटणं चौथ्या ठोक्यावर किंवा पुढच्या बारच्या पहिल्यावर बसवा आणि डावी कड जिथे पडेल तिथे पडू दे. रीपर असो, एफएल स्टुडिओ असो, ग्रिडचा स्नॅप (क्लिप आपोआप चिकटवणारी सोय) थोडा वेळ बंद करून हे हातानेच करावं लागतं.

स्टेजवर दोन मार्ग: उलटी ओळ ट्रॅकमध्ये ठेवायची आणि तेवढा वेळ माइक प्रेक्षकांकडे करायचा, किंवा तोंडाने शिकायची. शिकायची असेल तर 'इहिल तरप सूप इटाप' म्हणून रेकॉर्ड करा आणि ते उलटं वाजवा. 'पाटी पूस' स्पष्ट ऐकू आलं तर जमलं. पहिल्या प्रयत्नात 'ट' हमखास बिघडतो, कारण उलट्या बोलण्यात जीभ आधी टेकवून मग सोडायची सवय मोडावी लागते.

---

काटकोन

३) नाही. हा गोंधळ इतक्या वर्षांनीही जात नाही, आणि त्याला कारण आहे.

मिसीचा २००१ चा अल्बम 'मिस ई... सो अॅडिक्टिव्ह'. त्यात 'गेट यर फ्रीक ऑन' आहे. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स नावाच्या वेगळ्याच गायिकेचं 'अॅडिक्टिव्ह' हे गाणं आलं, निर्माता डीजे क्विक. त्यात लताबाईंचा आवाज आहे, १९८१ च्या 'ज्योती' मधल्या 'थोडा रेशम लगता है' चा. संगीत बप्पी लाहिरींचं. एक अल्बमचं नाव, एक गाण्याचं नाव, मधे एक वर्ष, दोन्हीकडे 'भारतीय काहीतरी'. लोकांनी दोन्हीची खिचडी केली. ते सॅम्पल परवानगीशिवाय वापरलेलं होतं. २००३ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने बप्पींना श्रेय दिल्याशिवाय विक्री करू नये असा आदेश दिला.

मिसीच्या गाण्यात लताबाई नाहीत, कुठलाही हिंदी शब्द नाही. आहे तो तुंबीचा आवाज. तुंबी म्हणजे पंजाबी एकतारी वाद्य, लाल चंद यमला जट यांनी लोकप्रिय केलेलं. सहा सुरांचं छोटं आवर्तन गाणंभर फिरत राहतं, खाली तबल्याचे बोल, आणि सुरुवातीला जपानी भाषेत पुरुषाचा आवाज. कॉर्ड बदलतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

कॉर्ड बदलत नसले की चढउतार आवाजालाच करावे लागतात. म्हणून तुमच्या उपप्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. मधे एका ठिकाणी ती सगळ्यांना गप्प करते, आणि ओळ संपवायला जिथे शब्द अपेक्षित असतो तिथे थुंकल्याचा आवाज टाकते. कागदावर हे लिहिता येत नाही. 'वर्क इट' मध्येही एके जागी शब्दाऐवजी हत्तीचा चीत्कार आहे. तिचे शब्द कागदावर वाचणं म्हणजे ढोलकीचे बोल वाचून लावणी कळली म्हणण्यासारखं आहे.

---

चौथी_मात्रा

तिसऱ्याचं उत्तर एकदम पटलं, आभार. @ढोलकीबंद, स्नॅप बंद करायचं कधी सुचलंच नसतं.

पण @काटकोन, आवाज काढणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत का? एमसी लाइट किंवा लॉरिन हिल या रॅपर्सच्या ओळी कागदावरही उभ्या राहतात.

---

काटकोन

राहतात, मान्य. मिसी त्या पंक्तीतली नाही आणि तिला तिथे बसवायची गरजही नाही. तिचं लिहिणं मोकळ्या जागांचं आहे.

मोजून बघा. १०२ च्या वेगाला बारमधल्या सोळाही जागा भरल्या तर सेकंदाला ६.८ अक्षरं होतात. मराठीत त्या वेगाला भ, घ, झ, ढ हे महाप्राण वर्ण आधी बळी पडतात. 'घर' चं 'गर' होतं, 'झाड' चं 'जाड'. ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही आणि रॅपरला वाटतं आपण वेगवान आहोत. मिसी बारमध्ये आठ ते दहा अक्षरांवर थांबते, चौथा ठोका बऱ्याचदा मोकळा सोडते आणि त्या मोकळ्या जागेत दुसऱ्या ट्रॅकवरचा हुंकार, हसू, एखादा शब्द येतो. हे अॅडलिब, म्हणजे मधेच टाकलेले सुटे आवाज, वरवरची सजावट नव्हेत. ते काढून ऐकलं तर ओळ लंगडी पडते.

करून बघायचं असेल तर लिहिलेल्या सोळा बारमधून प्रत्येक चौथ्या बारचा शेवटचा ठोका रिकामा करा. अर्थ तुटला तर शब्द जास्त होते असं समजा.

---

कागदपत्रे_आणा

वर रेकॉर्डरूम यांनी डब्यात गेलेल्या अल्बमचा उल्लेख केला, म्हणून इकडच्या नवीन मुलींसाठी कायद्याचं थोडं. मिसीची कमाई गायिका म्हणून कमी आणि गीतकार-संगीतकार-निर्माती म्हणून जास्त टिकाऊ ठरली, आणि ती बाजू आपल्याकडे सर्रास दुर्लक्षली जाते.

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक, शब्द आणि चाल. दुसरी, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. लेबल बहुधा मास्टर मागतं. शब्द-चाल तुमची असते, पण सही करताना तीही हळूच त्याच कागदात घातलेली असते. वाचा.

भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीत निम्मा वाटा आहे आणि तो लिहून दिला तरी सोडता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, एवढाच अपवाद. ती वसूल करायला आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घ्यावं लागतं, आपोआप काही येत नाही.

करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. आणि सिस्टासारखी वेळ आली तर: ज्याला हक्क दिले त्याने एका वर्षात ते वापरले नाहीत, तर हस्तांतरण संपुष्टात येतं, करारात वेगळं काही नमूद नसेल तर. मेख या शेवटच्या शब्दांत आहे. छापील करारांत हे 'वेगळं काही' नेहमी नमूद असतं. तेवढी एक ओळ काढून घ्यायला सांगा. पैशांवर न हलणारे लोक यावर कधीकधी हलतात.

बीट दुसऱ्याची, शब्द तुमचे, हुक (परत परत येणारी लक्षात राहणारी ओळ) मैत्रिणीचा, असं असेल तर रेकॉर्डिंगच्याच दिवशी वाटणीचा कागद करा. नावं, कामं, टक्के, बेरीज १००, सह्या. गाणं चाललं की प्रत्येकाला आपला वाटा मोठा दिसायला लागतो. ऑनलाइन घेतलेल्या बीटचा परवाना नीट बघा: 'लीज' असेल तर किती स्ट्रीमपर्यंत चालते ते त्यात लिहिलेलं असतं, आणि तीच बीट आणखी दहा जणांनी घेतलेली असू शकते.

सॅम्पलबद्दल: 'सहा सेकंदांपर्यंत चालतं' असा कुठलाही नियम नाही. परवानग्या दोन लागतात, मास्टरच्या मालकाची आणि शब्द-चालीच्या मालकाची. 'अॅडिक्टिव्ह' प्रकरण वर आलंच आहे.

---

रेकॉर्डरूम

चौथा प्रश्न राहिला. गायब झाली हे निम्मंच खरं.

'द कुकबुक' २००५ चा, त्यातलं 'लूज कंट्रोल' जोरात चाललं, व्हिडिओला ग्रॅमी मिळालं. त्यानंतर स्वतःचा पूर्ण अल्बम नाही. २००८ मध्ये ग्रेव्हज डिसीजचं निदान झालं, तिने ते जाहीर केलं २०११ मध्ये. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच थायरॉइडला भडकवते. गाडी चालवताना पाय आखडला आणि हात एवढा थरथरायचा की पेन धरता येईना, असं तिने सांगितलंय. जिचा धंदा लिहिण्याचा, तिच्यासाठी याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको.

पण याच काळातली श्रेयनामावली बघा. कीशिया कोलचं 'लेट इट गो' २००७, जॅझमिन सुलिव्हनचं 'नीड यू बॅड' २००८, मोनिकाचं 'एव्हरीथिंग टू मी' २०१०. तिन्हींमागे मिसी आहे. पडद्यावरून हटली, स्टुडिओतून नाही.

पुढे १ फेब्रुवारी २०१५ ला सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात केटी पेरीबरोबर काही मिनिटं आली आणि नवीन पिढीने तिची जुनी गाणी धुंडाळली. २०१९ मध्ये साँगरायटर्स हॉल ऑफ फेममध्ये गेलेली पहिली महिला रॅपर तीच. २०२३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, तिथेही हिप-हॉपमधली पहिली स्त्री. आणि एवढ्या सगळ्यानंतर स्वतःच्या नावावर पहिला मोठा दौरा निघाला तो जुलै २०२४ मध्ये, व्हँकुव्हरपासून, वयाच्या ५३ व्या वर्षी. सोबत सियारा, बस्टा राइम्स आणि टिम्बालँड.

ऐकण्याचा क्रम माझ्या मते असा. आधी आलियाचं 'वन इन अ मिलियन', श्रेयं उघडी ठेवून. मग 'सुपा डुपा फ्लाय' सलग, हेडफोनवर, कारण टिम्बालँडच्या किक ड्रमच्या अडखळत्या जागा फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत. तिसरा 'अंडर कन्स्ट्रक्शन', २००२. 'वर्क इट' यातलंच. बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत, हॉट १०० मध्ये, दुसऱ्या क्रमांकावर दहा आठवडे अडकलं, वर एमिनेमचं 'लूज युवरसेल्फ' बसलेलं होतं. या अल्बमवर आलियाच्या जाण्याची सावली आहे, २५ ऑगस्ट २००१ ला बहामामध्ये विमान कोसळून ती गेली होती. मग 'मिस ई'. १९९९ चा 'डा रिअल वर्ल्ड' अंधारा आणि कमी लेखलेला अल्बम आहे, तो पाचवा ठेवा, म्हणजे कान तयार झालेले असतील. 'धिस इज नॉट अ टेस्ट!' घाईत उरकल्यासारखा वाटतो. 'पास दॅट डच' ऐका आणि पुढे चला.

---

चौथी_मात्रा

शेवटचं एक: 'द रेन' मध्ये पीबल्सच्या गाण्याचं सॅम्पल आणि मिसीचा आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, दोघंही स्पष्ट ऐकू येतात. हे कसं साधायचं? गाण्याचं सॅम्पल घेतलं की वरचा आवाज दबतो.

---

ढोलकीबंद

मुख्य काम मांडणीचं, मिक्सचं नंतर. पीबल्सचा आवाज वाजतो तेव्हा मिसी थांबते किंवा त्याच्या पाठीमागून बोलते. ती बोलते तेव्हा सॅम्पलमधला गाता आवाज बाजूला असतो. दोन गाते आवाज एकाच वेळी पुढे आणायचेच नाहीत.

तरी दबत असेल तर सॅम्पल १५० हर्ट्झच्या खाली कापा, नाहीतर त्यातला जुना बास तुमच्या किकशी भांडतो. मग २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सॅम्पल ३ डेसिबल खाली घ्या; शब्द कळतात ते मुख्यतः याच पट्ट्यात. आवाज वाढवत बसू नका. आणि रॅप चालू असताना सॅम्पल २ डेसिबल खाली जाईल असं व्हॉल्यूम ऑटोमेशन बारच्या सुरुवातीपासून न करता श्वासाच्या जागेपासून करा, म्हणजे उतार कानाला कळत नाही.

सॅम्पल कोणाचं आहे ते सांगा म्हणजे नेमकं सांगता येईल. आणि त्याआधी @कागदपत्रे_आणा यांचा शेवटचा परिच्छेद परत वाचा.